खाडीपलीकडचा चढ



डोंबिवलीच्या माणसाला प्रवासावर बोलायला सांगितलं, की तो हमखास लोकलवर बोलतो. मीही चौतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी असा रोज उभ्यानं गेलो आणि उभ्यानं आलो. व्हीटीचं नाव बदललं तरी माझी उभं राहायची जागा बदलली नाही. पण आज मी लोकलबद्दल बोलणार नाही. सायकलवरच्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. तो दिवस माझ्यासाठी फारसा अभिमानाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

साठाव्या वर्षी मी निवृत्त झालो. त्याआधी सहा वर्षं मधुमेह मागे लागला होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालायला आमच्याकडे जागा कुठे आहे? फुटपाथवर भाजीवाले, रस्त्यावर रिक्षा आणि उरलेल्या जागेत खोदकाम. मुलाची गिअरची सायकल गॅलरीत धूळ खात पडली होती, ती मी काढली. पुढे मे 2024 मध्ये मोठागाव ते माणकोली हा उल्हास खाडीवरचा पूल खुला झाला आणि डोंबिवलीहून ठाण्याला जायला कल्याण-शीळ रस्त्याची गर्दी चुकवता येऊ लागली. मोटारवाल्यांचा वेळ वाचला, हे खरंच. पण भल्या पहाटे त्या पुलावर आमच्यासारखे सायकलवालेही जमू लागले. तिथंच मला हा गट भेटला. बारवी धरणापर्यंत जाणं, ठाण्याला येऊरचा चढ चढून परत येणं, असा सराव करत करत डिसेंबरात बेत ठरला, की जानेवारीत कोकण किनाऱ्यानं जायचं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडवा, तिथून मुरुड, मग आगरदांड्याहून दिघी, दिवेआगर, केळशी आणि पुढे दक्षिणेकडे. आम्ही चौदा जण होतो. सगळ्यांत लहान तेवीस वर्षांचा, सगळ्यांत मोठे चौसष्ट. मी एकसष्ट.

आमची लीडर कल्याणची. तिचं औषधांचं दुकान आहे. वय असेल अडतीस-चाळीस. तिनं सगळ्यांना एकेक छापील फॉर्म दिला. नाव, पत्ता, रक्तगट, घरच्यांचा फोन. त्याखाली एक ओळ होती : काही आजार, चालू औषधं? मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. खरं लिहिलं तर ती म्हणेल, 'काका, तुम्ही टेम्पोतून या', अशी मला धास्ती होती. तो 'काका' शब्दच मला खुपत होता. बायकोनं निघताना खडीसाखरेची छोटी डबी दिली आणि 'खिशात ठेवा' असं दोनदा बजावलं. मी ती मोठ्या बॅगेत टाकली. बॅग सामानाच्या टेम्पोत गेली.

पहिले दोन दिवस झकास गेले. मी ज्या दिवसाबद्दल बोलतोय तो तिसरा, दिवेआगर ते केळशी. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, मध्ये सावित्रीची खाडी.

दिवेआगरला आम्ही एका घरगुती खानावळीत उतरलो होतो. मागे सुपारीची वाडी. पहाटे चहा घेता घेता तिथल्या काकू वाडी दाखवायला लागल्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, त्यात त्यांची निम्म्याहून अधिक झाडं गेली. नवी लावली आहेत, ती अजून खांद्याच्या वर गेलेली नाहीत. नारळ-पोफळीची वाडी म्हणजे दुसऱ्या वर्षी नांगरून पेरायचं शेत नव्हे. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर घर कशावर चालवायचं, म्हणून आमच्यासारखे पाहुणे. 'झाड एका तासात पडतं हो,' एवढंच त्या म्हणाल्या आणि घावन करायला आत गेल्या. ते घावन खायला मी थांबलो नाही. निघायची वेळ झाली होती, न्याहारी श्रीवर्धनला ठरली होती आणि मला पहिल्या चौघांत राहायचं होतं. चहाबरोबर रोजची गोळी मात्र सवयीनं घेतली. घरी गोळीनंतर अर्ध्या तासात ताट समोर येतं, ते इथं येणार नाही, हे डोक्यात आलंच नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. शेखाडीपासून पुढे समुद्र इतका जवळ येतो, की भरतीच्या वेळी तुषार अंगावर येतात. एका बाजूला काळे खडक, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधून डांबरी पट्टा. सायकलचा आवाज नसल्यामुळे लाटांचा आवाज मोडत नाही. त्या शेखाडीच्या किनाऱ्यावर मी पाच मिनिटं उतरलो, त्याला कारण वेगळं होतं. 1993 च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचा स्फोटकांचा साठा याच किनाऱ्यावर उतरवला गेला होता. 12 मार्चच्या त्या शुक्रवारी मी फोर्टातल्या ऑफिसात होतो. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, तो आवाज अजून कानात आहे. आणि ते सगळं जिथून आलं तो हा किनारा! दोन होड्या, जाळी वाळत घातलेली, एक कुत्रं झोपलेलं. बरोबरच्या तरुण मुलांना मी ते सांगितलं. त्यातल्या कोणाचाच तेव्हा जन्म झालेला नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोटो काढले.

श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. आम्ही मात्र तिथं इतिहासापेक्षा पोह्यांकडे अधिक लक्ष दिलं. म्हणजे इतरांनी दिलं. 'चढावर पोट हलकं बरं' हे एक वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. मी अर्धी बशी पोहे खाल्ले आणि उरलेले शेजारच्याला दिले. हरिहरेश्वरला इतरांनी देवळामागच्या खडकांवरून प्रदक्षिणा केली, मी सावलीत बसून चेनला तेल घातलं. मांड्यांना थोडा कंप होता. दोन दिवसांचा थकवा आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

हरिहरेश्वरहून बागमांडला चार-पाच किलोमीटर. तिथं रस्ता संपतो आणि खाडी सुरू होते. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथं समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवी म्हणजे रत्नागिरी जिल्हा. 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री असलेले बॅरिस्टर अंतुले सावित्रीच्याच काठच्या आंबेतचे. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यालगत सलग रस्ता हवा, ही कल्पना त्यांची. रस्ता झाला, पण मोठ्या खाड्या आल्या की तो तुटतो. आम्ही गेलो तेव्हा बाणकोटच्या खाडीवर पूल पुरा झालेला नव्हता. फेरीबोट येईपर्यंत बसून राहायचं. मोटारीतली मंडळी घड्याळ पाहत होती. मला मात्र ती सक्तीची विश्रांती फार आवडली. चौतीस वर्षांत मला कोणत्याही वाहनानं 'बस जरा' असं म्हटलं नव्हतं.

बोटीवर सायकली एका बाजूला दोरीनं बांधल्या. दहा-पंधरा मिनिटांचाच प्रवास. समोर बाणकोटचा किल्ला. अठराव्या शतकात तो इंग्रजांकडे गेला तेव्हा त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. पाण्याकडे पाहताना मला आमची खाडी आठवली. आपण कल्याण-डोंबिवलीकर खाडीकाठीच राहतो, पण ती आपल्याला फक्त पुलावरून आणि वासावरून माहीत असते. कल्याण हे जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजीमहाराजांनी आपली जहाजं बांधायला सुरुवात केली ती आमच्या त्याच खाडीत. दुर्गाडीच्या पायथ्याशी आज आपण रिक्षा शोधतो. हे सगळं मी लीडरला सांगत होतो. ती ऐकत होती, पण माझ्या तोंडाकडे जरा रोखून पाहत होती, हे आता लक्षात येतं. 'काका, फार घाम आलाय तुम्हाला,' ती म्हणाली. बोटीवर छान वारा होता. मी म्हणालो, 'ऊन आहे.'

वेसवीला उतरलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. जेवण पुढे एका ठिकाणी सांगून ठेवलं होतं. केळशीकडे जाताना रस्ता खाडीकाठ सोडून वर चढतो. कोकणातले चढ सह्याद्रीतल्या घाटांसारखे लांबलचक नसतात, पण एक संपला की लगेच दुसरा. वर कातळाचा सडा, सावलीला झाड नाही, जांभा दगड तापलेला.

आमच्या गटात एक पद्धत होती. लीडर ज्याला नेमेल त्यानं दिवसभर सगळ्यांच्या शेवटी राहायचं. पुढचा कितीही हळू जात असो, त्यानं कोणाला मागे टाकायचं नाही. त्याला आम्ही 'शेपूट' म्हणत असू. त्या दिवशीचं शेपूट म्हणजे तो तेवीस वर्षांचा मुलगा. टिटवाळ्याचा, वडील रिक्षा चालवतात, हा रेल्वेभरतीचा अभ्यास करतो. दुसऱ्या चढाला बाकीचे सगळे पुढे गेले, मी मागे राहिलो आणि शेपूट माझ्यामागे.

मला ते सहन होईना. एक तर माझा वेग कमी झालेला, त्यात मागून कोणीतरी आपल्याला पाहतंय. मी म्हटलं, 'तू जा पुढे.' तो म्हणाला, 'नाही काका, नियम आहे.' थोड्या वेळानं मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी ओरडलो. मी त्याला काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. त्याच्या शिक्षणावर बोललो, एवढं सांगतो. आयुष्यात मी ऑफिसच्या शिपायाशीही असा बोललो नव्हतो. तो काही बोलला नाही आणि पुढेही गेला नाही.

मग हात थरथरू लागले. घाम गार झाला होता. गिअर बदलायचा तर कोणत्या बाजूचं बटण दाबायचं, ते आठवेना. रोज वापरतो ते बटण! रस्त्याच्या कडेचा दगड एक आहे की दोन, ते नीट कळेना. मी सायकलवरून उतरलो, की पडलो, हे आजही नक्की सांगता येत नाही. त्या मुलाचं म्हणणं, मी उतरून सायकल उभी करायला गेलो आणि सायकलीबरोबर खाली बसलो.

त्यानं विचारलं, 'काका, तुम्हाला शुगर आहे?'

मी म्हणालो, 'नाही.'

'माझे बाबापण असंच सांगतात,' तो म्हणाला, आणि माझ्या बगलेत हात घालून मला जवळच्या वाडीतल्या पहिल्या घराच्या पडवीत नेऊन बसवलं.

त्या घरात एक आजी होत्या. मुलगा त्यांना म्हणाला, 'साखर हवी, लवकर.' त्यांनी काही विचारलं नाही. अमृत कोकमाची बाटली आणली, तांब्यात अर्धी ओतली, वर दोन मुठी साखर. चमचा वगैरे काही नाही, हातानंच ढवळलं. मी बोलायला लागलो, तर म्हणाल्या, 'बोलू नका. प्या आधी.' इतकं गोड सरबत मी गेल्या सात वर्षांत प्यायलो नव्हतो. दहा-बारा मिनिटांनी पडवीचे खांब जागेवर आले.

पोरगा बाहेर उभा राहून लीडरला फोन करत होता. वीसेक मिनिटांत ती टेम्पो घेऊन परत आली. तिच्या पिशवीत साखर मोजायचं यंत्र होतं. तिनं बोट टोचलं. आकडा आला 82. सरबत पिऊन वीस मिनिटं झाल्यावर 82. त्याआधी किती असेल, हा हिशेब तिनं माझ्यावर सोडला. मग तिनं गोळीचं नाव विचारलं आणि मी सांगितलं.

तिनं मला त्या पडवीत जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत माझ्यासारखे पुष्कळ असतील. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी घसरत नाही. पण माझी दुसरी गोळी ग्लिमेपिराईड, सल्फोनिलयुरिया गटातली. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, आणि पोटात अन्न आहे की नाही, हे ती विचारत बसत नाही. त्यात पायांचे मोठे स्नायू तासन्‌तास काम करत असले, की तेही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणजे उपसा दोन पंपांनी आणि भरणा अर्धी बशी पोहे. साखर 70 च्या खाली गेली, की थरथर, गार घाम, डोळ्यांपुढे गडबड आणि चिडचिड सुरू होऊ शकते. होय, चिडचिडसुद्धा. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, कमीच असेल तर पुन्हा द्यायची आणि मग नीट जेवायला घालायचं, कारण या गोळीचा असर लांबतो, साखर परत घसरू शकते. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाईल, थेट दवाखाना गाठायचा. आणि सहलीला निघण्याआधी गोळ्यांचं काय करायचं, हे आपल्या डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनानं बंदही करायच्या नाहीत. माझ्या डॉक्टरांनी परत आल्यावर माझी मात्रा बदलली. 'आधी का नाही विचारलंत?' या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच म्हटलं, 'आज शेपूट नसतं, तर पुढच्या टपरीवर तुम्ही नाही हे आम्हाला जेवायला बसल्यावर कळलं असतं.'

आजींना मी पैसे द्यायला गेलो. त्यांनी हात मागे घेतला. मग सरबताची बाटली विकत घेतो म्हटलं, तर म्हणाल्या, 'ती तुम्हीच संपवलीत की.'

टेम्पोत बसणार नाही, अशी मी डोंबिवलीत सर्वांसमक्ष प्रतिज्ञा केली होती. त्या दिवशीचे उरलेले किलोमीटर मी टेम्पोत, बॅगांवर बसून काढले. बसल्या बसल्या माझी बॅग उघडली आणि खडीसाखरेची डबी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. मुलगा मागून सायकलवर येतच होता. मागे आता कोणी नव्हतं, तरी तो शेवटीच होता.

केळशीचा किनारा लांब आणि मोकळा आहे, गावात सुपारीच्या वाड्यांमधून दगडी पाखाड्या, महालक्ष्मीचं देऊळ. संध्याकाळी सगळे समुद्रावर गेले. मी त्या मुलाला शोधून काढलं. तो चाकाचं पंक्चर काढत बसला होता. मी माफी मागितली. त्याला अवघडल्यासारखं झालं. 'बाबांना पण असाच राग येतो,' म्हणाला. 'साखर दिली की गप्प होतात. दुपारी जेवायला थांबत नाहीत हो ते. भाडं सुटतं म्हणतात.' मग ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायला लागला. मी पाणी धरलं.

घरी फोन केला. बायकोनं पहिला प्रश्न विचारला, 'डबी खिशात आहे ना?' मी 'आहे' म्हणालो, आणि त्या क्षणी ती खरंच खिशात होती. बाकीचं डोंबिवलीला पोचल्यावर सांगितलं.

रात्री जेवणं झाल्यावर लीडरनं माझा तो फॉर्म समोर ठेवला, वर पेन. मी माझी आडवी रेघ खोडली आणि खाली बारीक अक्षरात सगळं लिहिलं : आजार, गोळ्या, वेळा, डॉक्टरांचा फोन. एका ओळीत मावेना, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि उद्याची नेमणूक सांगितली. सकाळी पोटभर न्याहारी करून, साखर मोजून, केळशी ते आंजर्ले मी सायकलवर. शेपूट मी आणि तो मुलगा, दोघं मिळून.

मी उठून हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा चौसष्ट वर्षांचे ते गृहस्थ आणि त्यांच्याबरोबरचे आणखी एक जण लीडरजवळ उभे होते. दोघांनाही आपापले फॉर्म परत हवे होते. एक जण हळूच विचारत होता, 'रक्तदाबाची गोळी असेल, तर तेही याच ओळीत लिहायचं ना?'